सुई, शय्या आणि पाळणा

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लसीकरण, आहार किंवा बालदमा यांविषयी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. या वर्षी मी मुद्दाम वेगळा विषय निवडला आहे. इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्तींचे लैंगिक आरोग्य हा तो विषय होय. या विषयाशी बालरोगतज्ज्ञाचा काय संबंध, असा प्रश्न काही व्यवसायबंधूंच्या मनात येईल. तो संबंध स्पष्ट करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या व्यवसायात कामाची वाटणी ठरलेली आहे. व्यसन मनोविकारतज्ज्ञाकडे, गुप्तरोग त्वचारोगतज्ज्ञाकडे, गर्भवती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आणि जन्मलेले मूल आमच्याकडे. विषाणूंना मात्र ही वाटणी ठाऊक नाही. एच.आय.व्ही., कावीळ ब, कावीळ क आणि उपदंश हे रोग सुईतून शय्येकडे आणि शय्येतून पाळण्याकडे प्रवास करतात. त्या प्रवासातील शेवटचे स्थानक माझ्या तपासणीच्या टेबलावर असते. शेवटच्या स्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला आधीची स्थानके कोणती, हे विचारण्याचा अधिकार आहे, असे मी मानतो.

गोव्याची एक जुनी आठवण

या विषयाचा विचार करताना गोमंतकीय डॉक्टरांनी १९८९ साल विसरू नये. त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याचा अपराध एवढाच की, त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्ताच्या चाचणीत एच.आय.व्ही. आढळला होता. तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्यातील अलगीकरणाच्या तरतुदीचा आधार घेऊन त्याला म्हापशातील एका जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत ६४ दिवस ठेवण्यात आले. त्याची आई ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने अलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. परंतु या प्रकरणामुळे सुरू झालेली चर्चा थांबली नाही. डॉमिनिकने १९९२ साली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी त्याचे निधन झाले.

डॉमिनिक सुई घेणारा नव्हता. तरीही हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे की, भीतीपोटी केलेली सक्ती रोग्याला डॉक्टरांपासून दूर नेते, हा धडा आपल्याच भूमीत लिहिला गेला. २००६ साली विवाहापूर्वी सक्तीच्या एच.आय.व्ही. चाचणीचा विचार गोव्यात शासकीय पातळीवर पुढे आला, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला होता. विवाहाच्या दिवशी आलेला निर्दोष अहवाल पुढच्या वर्षीच्या सुईचे किंवा संबंधाचे काय सांगणार? चाचणी ही त्या दिवसापुरती असते. धोका मात्र आयुष्यासोबत चालत असतो. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मणिपूरने शिकवलेले गणित

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला सेल्लप्पन यांच्या कामातून झाली. सुईचा धोका किती वेगाने वाढू शकतो, हे मात्र आपल्याला १९८९-९० मध्ये मणिपूरने दाखवले. तेथे हेरॉइन टोचून घेणाऱ्या तरुणांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण काही महिन्यांतच जवळजवळ शून्यापासून निम्म्यापर्यंत पोहोचले. त्यानंतरचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. चुराचांदपूर येथील एच.आय.व्ही. बाधित सुईधारकांच्या पत्नींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के पत्नी बाधित आढळल्या. यांतील बहुतेक स्त्रियांनी स्वतः कधी सुई हातात धरलेली नव्हती. पतीखेरीज अन्य पुरुषाशी त्यांचा संबंधही नव्हता. त्यांच्या आयुष्यातील एकमेव 'धोकादायक वर्तन' म्हणजे त्यांचा विवाह.

आजची स्थिती पाहू. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत या गटात एच.आय.व्ही.चे प्रमाण सुमारे ९ टक्के आढळले. देशातील प्रौढांमधील सरासरी प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे हा फरक चाळीस पटींहून अधिक आहे.

सुई घेणाऱ्याला लैंगिक धोका अधिक का?

सुई घेणाऱ्या रुग्णाला आपण "सुई वाटून घेऊ नका" एवढाच उपदेश करतो आणि कर्तव्य पूर्ण झाले असे समजतो. प्रत्यक्षात लैंगिक मार्गाचा धोका निदान पाच कारणांनी वाढलेला असतो.

पहिले कारण कंडोमविषयीच्या समजुतीचे. तो परक्या स्त्रीशी संबंधात वापरायचा, घरच्या स्त्रीशी नाही, अशी पुरुषांची धारणा असते. पत्नीसमोर तो काढणे म्हणजे स्वतःवरील संशय मान्य करणे, असे त्यांना वाटते. परिणामी सर्वांत जवळचे माणूस सर्वांत असुरक्षित राहते.

दुसरे कारण औषधशास्त्रीय. हेरॉइनसारखे अफूवर्गीय पदार्थ दीर्घकाळ घेतल्यास कामेच्छा कमी होते. म्हणून हा गट लैंगिकदृष्ट्या निष्क्रिय असतो, असा एक गैरसमज आहे. परंतु नशेच्या मात्रा कमी-अधिक होतात, उपचार सुरू होतात आणि इच्छा परतते. शिवाय उत्तेजक पदार्थांचा परिणाम नेमका उलटा असतो. त्यांच्या प्रभावाखाली संबंध दीर्घकाळ चालतात, श्लेष्मल त्वचेला इजा होते आणि सावधपणा उरत नाही.

तिसरे कारण स्त्रियांबाबतचे. अफूवर्गीय पदार्थांमुळे मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. "पाळी नाही, म्हणजे गर्भ राहणार नाही" असे स्त्री मानते. बीजनिर्मिती मात्र अधूनमधून होतच असते, आणि उपचार सुरू झाल्यावर तर ती पूर्ववत होते. त्यामुळे अशा गर्भधारणा फार उशिरा लक्षात येतात. चाचणी व प्रतिबंधक उपचार यांसाठीचे मोलाचे महिने निघून जातात.

चौथे कारण आर्थिक. नशा उतरू लागली की शरीर असह्य वेदनांनी पिळवटून निघते. त्या अवस्थेत पैशासाठी किंवा पुडीसाठी शरीर देणारे स्त्री-पुरुष कंडोमची अट घालण्याच्या स्थितीत नसतात. सुई वापरणाऱ्या स्त्रीला बहुधा पुरुष जोडीदारानंतर, त्याच्याच सिरिंजमधून उरलेला डोस मिळतो. अशा वेळी एकाच व्यक्तीकडून तिला दोन्ही मार्गांनी संसर्ग होतो.

पाचवे कारण गुप्तरोगांचे. उपदंशाची किंवा नागिणीची जननेंद्रियावरील जखम एच.आय.व्ही.साठी उघडे दारच असते. यात भर म्हणजे एच.आय.व्ही.चा नवा संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या अतिशय जास्त असते आणि नेमक्या त्याच काळात प्रतिपिंडांची चाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणजे अहवाल स्वच्छ असताना माणूस सर्वाधिक संसर्गकारक असतो.

"हे आमच्याकडे नाही"

मये, डिचोली, पेडणे या परिसरात हा विषय काढला की, "ते सगळे किनाऱ्यावरचे आणि परदेशी लोकांचे" असे उत्तर मिळते. परंतु हरमल, मोरजी, मांद्रे येथील हंगामात काम करणारे तरुण आपल्याच गावांतून जातात आणि रात्री आपल्याच घरी परततात. खाणपट्ट्याने आपल्याला ट्रकचालकांची वस्ती दिली. पर्यटनाने आणि मोपा विमानतळाने देशभरातील कामगार आणले. या कोणत्याही समूहावर मी ठपका ठेवत नाही. माणसे हिंडतात, एकटी राहतात, थकतात. तेथे नशा पोहोचते, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिवाय टोचून घेतले जाणारे पदार्थ नेहमी तस्करांकडूनच येतात असे नाही. पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन, डायझेपाम, प्रोमेथाझिन ही आपल्याच औषधांच्या कपाटातील नावे आहेत. वेदनेसाठी वारंवार इंजेक्शन मागणारा, दंडाऐवजी हाताच्या शिरा लपवणारा, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालणारा तरुण आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला असेल.

सुईच्या बाबतीत आपले घरही स्वच्छ असायला हवे. २०१९ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतात रतोदेरो येथे शेकडो बालके एच.आय.व्ही. बाधित आढळली. सिरिंजचा पुनर्वापर आणि असुरक्षित वैद्यकीय व्यवहार हे त्याचे प्रमुख कारण होते. विषाणूला सिरिंज नशेची की तापाची, याने काही फरक पडत नाही.

एक उदाहरण

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण देतो. नऊ महिन्यांचे एक बालक माझ्याकडे आले. वजन वाढत नव्हते, तोंडातील बुरशी औषधाने जाऊन पुन्हा येत होती, दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता, काखेत व मानेत गाठी होत्या. बालक अंगावर पीत होते. मी एच.आय.व्ही. चाचणीचा विषय काढताच आईने पिशवीतून जपून ठेवलेला कागद काढला आणि म्हणाली, "डॉक्टर, माझी तपासणी चौथ्या महिन्यातच झाली होती. ती चांगली आली होती." कागद खरा होता. चाचणीही अचूक होती.

त्या चाचणीनंतरच्या काळात तिचा पती किनाऱ्यावरील हंगामी नोकरीत ब्राऊन शुगर ओढण्यापासून टोचण्यापर्यंत पोहोचला होता. दोघा सोबत्यांबरोबर तो एकच सिरिंज वापरत होता. पत्नीला याची कल्पना नव्हती. तिला संसर्ग झाला तो प्रसूतीनंतर, स्तनपानाच्या काळात. नव्याने संसर्ग झालेल्या मातेच्या दुधातही विषाणूंचे प्रमाण खूप असते. जुना, उपचाराखालील संसर्ग असलेल्या मातेपेक्षा अशा वेळी बाळाचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो. आई, वडील आणि बालक या तिघांचेही निदान एकाच आठवड्यात झाले.

या घटनेत कोणीही नियम मोडला नव्हता. गर्भवतीची चाचणी झाली होती, प्रसूती रुग्णालयात झाली होती, लसी वेळेवर दिल्या गेल्या होत्या. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला होता आणि तो विचारणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते: "बाळाचे वडील कसे आहेत?"

पुढील भाग समाधानाचा आहे. तिघांवरही विषाणूरोधक उपचार सुरू झाले. पतीने ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी देखरेखीखाली नियमित घेतली आणि सुई सुटली. काही वर्षांनी त्या दांपत्याला दुसरे अपत्य झाले. मातेच्या रक्तातील विषाणू तोपर्यंत मोजता न येण्याइतके कमी झालेले होते. बाळाला जन्मापासून प्रतिबंधक औषध मिळाले आणि अठराव्या महिन्याची अंतिम चाचणी निर्दोष आली. थोरले मूल आज शाळेत जाते, खोडकरही आहे.

प्रसूतिकक्षापासून पाळण्यापर्यंत

कोणतीही उपाययोजना न केल्यास मातेकडून बाळाला एच.आय.व्ही. होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार केल्यास ती ५ टक्क्यांखाली, आणि उत्तम व्यवस्थेत २ टक्क्यांखाली येते. यासाठी पुढील बाबी आपल्या सर्वांच्या हाताशी असाव्यात.

१. पहिल्या भेटीतच प्रत्येक गर्भवतीची एच.आय.व्ही., उपदंश आणि कावीळ ब यांची चाचणी करावी. पतीलाही चाचणीस बोलवावे. पती सुई घेत असेल, बाधित असेल किंवा त्याची माहितीच नसेल, तर शेवटच्या तिमाहीत आणि गरजेनुसार स्तनपानाच्या काळात चाचणी पुन्हा करावी. एक निर्दोष अहवाल म्हणजे नऊ महिन्यांचे प्रमाणपत्र नव्हे.

२. बाधित मातेस विषाणूरोधक उपचार त्वरित व आजन्म द्यावेत. ते सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय आहे.

३. बाळाचा धोका कमी असेल तर एक प्रतिबंधक औषध सहा आठवडे द्यावे. मातेचे उपचार उशिरा सुरू झाले असतील किंवा विषाणू नियंत्रणात नसतील तर दोन औषधे लागतात आणि स्तनपान चालू असल्यास ती बारा आठवड्यांपर्यंत द्यावी लागतात. सहाव्या आठवड्यापासून को-ट्रायमोक्साझोल सुरू करावे. रक्ताच्या चाचण्या सहावा आठवडा, सहावा महिना, बारावा महिना आणि अखेरीस अठरावा महिना अशा क्रमाने कराव्यात.

४. कावीळ ब ची लस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावी. माता बाधित असेल तर १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे. जन्माच्या वेळी हा संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बालकांमध्ये तो कायमचा घर करतो. प्रौढांत हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. सुई घेणाऱ्या पतीलाही ही लस द्यावी.

५. उपदंश आढळल्यास मातेस बेंझाथिन पेनिसिलिन प्रसूतीपूर्वी निदान तीस दिवस मिळायला हवे. तसे झाले नसेल तर बाळाकडे 'लक्ष ठेवू' असे म्हणून थांबू नये. त्याची पूर्ण तपासणी व उपचार करावेत.

६. कावीळ क लैंगिक मार्गाने क्वचित पसरते, सुईतून मात्र अत्यंत सहज. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू कित्येक आठवडे टिकू शकतो. आता बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत आहेत. गर्भधारणेपूर्वीच हा उपचार उरकलेला उत्तम.

७. माता अफूवर्गीय पदार्थांवर अवलंबून असेल तर ते गर्भारपणात एकाएकी बंद करू नयेत. गर्भपात व अकाली प्रसूतीचा धोका असतो. देखरेखीखाली पर्यायी औषध चालू ठेवावे. अशा बाळाला जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत थरथर, कर्कश रडणे, जुलाब, दूध न ओढणे ही लक्षणे दिसू शकतात. जन्मताच श्वास मंद असला तरी नालॉक्सोन देऊ नये, कारण त्यामुळे झटके येऊ शकतात. श्वासाला आधार द्यावा.

उपचाराखालील रुग्णाच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले, की लैंगिक मार्गाने संसर्ग होत नाही, हे आता मोठ्या अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. हा दिलासा पती-पत्नींना आवर्जून द्यावा. मात्र सुई वाटून घेण्यास तो लागू करू नये आणि उपदंश किंवा कावीळ यांपासून त्याने संरक्षण मिळत नाही, हेही सांगावे.

कायदा आपल्या विरुद्ध नाही

अनेक व्यवसायबंधू कायद्याच्या भीतीने या रुग्णांना टाळतात. म्हणून तीन गोष्टी नमूद करतो. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, भेदभाव किंवा अलगीकरण करता येत नाही, आणि सुईबदल किंवा कंडोमवाटप यांसारखी धोका कमी करणारी कामे गुन्हा ठरत नाहीत. रुग्ण जोडीदाराला सांगण्यास तयार नसेल आणि जोडीदाराला खरोखर धोका असेल, तर पुरेसे समुपदेशन करून व रुग्णाला पूर्वकल्पना देऊन डॉक्टरांना जोडीदारास सांगण्याचा मार्गही या कायद्यात आहे. दुसरे म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनाधीन व्यक्तीने मान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण केल्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. तिसरे, अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक गुन्ह्याची माहिती देणे बंधनकारक आहे. गुप्ततेचे आश्वासन देण्यापूर्वी ही मर्यादा त्यांना सौम्य शब्दांत सांगावी.

आपण काय करू शकतो?

कुमारवयीन रुग्णाला पाच मिनिटे पालकांशिवाय भेटावे. झोप, मित्र, शाळा यांनंतर तंबाखू, दारू आणि त्यापुढील गोष्टी त्याच स्वरात विचाराव्यात. 'तू करतोस का?' यापेक्षा 'तुझ्या ओळखीत कोणी करते का?' या प्रश्नाला उत्तर लवकर मिळते, असा माझा अनुभव आहे. 'व्यसनी', 'बिघडलेला' हे शब्द केसपेपरवर लिहू नयेत. कागद घरी जातो आणि घरातील सर्वजण तो वाचतात.

सुई आताच सोडणे ज्याला शक्य नाही, त्याला स्वच्छ सुई, कंडोम, लस आणि नियमित चाचणी यांपासून वंचित ठेवण्यात कोणताही नैतिक विजय नाही. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली सुईबदलाची योजना सुरू झाली, ती कावीळ ब रोखण्यासाठी. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही हेच धोरण स्वीकारले आहे. संसर्गाची शक्यता असलेला संबंध किंवा सुईचा वापर घडून गेला असेल, तर प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू करून २८ दिवस द्यावीत, हेही सर्वांना ठाऊक असावे.

संस्थेपुढे माझी एक साधी सूचना आहे. आपल्या सभासदांनी एकच समान पत्रक वापरावे. त्यावर माता, पिता आणि बालक यांच्या चाचण्यांच्या तारखा शेजारी शेजारी असाव्यात आणि पित्याचा रकाना रिकामा राहिल्यास तो चटकन डोळ्यांत भरावा. एच.आय.व्ही.विषयक विचारणेसाठी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक त्यावर छापावेत. छपाईचा खर्च किरकोळ आहे. रकाना भरण्यासाठी जो प्रश्न विचारावा लागेल, त्याला मात्र थोडे धैर्य लागेल आणि ते आपण एकमेकांना देऊ शकतो.